खरखर

मॉस्कोत आम्ही आठजणी एका खोलीत राहतो.
आठ फोन, प्लगची एकच पट्टी,
आणि कुठलं ॲप चांगलं
यावर रोजची वादावादी.

गुलबारा हिरव्याची.
म्हणते, सगळं जग हिरव्यावर बिऱ्हाड करून आहे,
समोरच्यानं वाचलं, एवढं तरी कळतं.
तिचा नवरा दोन महिने
नुसता वाचतो आहे.

झुउरा जांभळ्याची. पैसे भरले
तर गावच्या तारेच्या फोनलाही लागतं म्हणे,
तिची आई अजून त्या फोनवर
जेवणाचं ताट झाकून ठेवावं तसा रुमाल टाकते.
मेएरिम एकोणीसची, ती निळ्याची,
निळ्यात तोंडाला मांजराचे कान लावता येतात.
आणि एक आहे पांढरं, फाटकं,
काडीभर रेंजवर तग धरणारं,
मधेच सोन्याची जाहिरात दाखवणारं,
वापरतात सगळ्या, नाव घेत नाही कुणी.

मी वही केली आहे. रकाने आखले.
नेट किती खातं. किती वेळा तुटतं.
उशीर किती: मी हसले
की किती वेळानं तिकडं हसू येतं.

अताके उन्हाळाभर वर कुरणात असतात,
नारिनच्याही पलीकडं, मेंढरांत.
तिथं रेंज जमिनीवर नाही.
घोड्यावर बसून, रिकिबीत उभं राहिलं
तर दोन काड्या मिळतात.
सत्तरीचा माणूस माझ्याशी बोलायला
रिकिबीत उभा राहतो.
घोडं चरायला वाकलं की फोन कट.
(हा रकाना कुठल्या ॲपखाली घालू?)

खाली दुकान आहे एर्मेकचं.
तो म्हणाला, सालकिन एजे, हे नवीन घ्या,
पीठ चाळावं तसा आवाज चाळून देतं,
कोंडा मागं, माणूस पुढं.
घेतलं.

अताके आले, अगदी कानाशी.
शेजारच्या खाटेवरून बोलावं तसे.
पण वारा नव्हता.
कुत्रं नव्हतं, लगामाची कडी नव्हती,
ओढा तर मुळीच नव्हता,
जणू कुणी त्यांना कुरणातून उचलून
एका पांढऱ्या खोलीत उभं केलं होतं.
आणि अताकेंच्या दोन वाक्यांमध्ये
एक घोडी दोहून होईल एवढी जागा असते.
तिथं ॲपनं काहीच ठेवलं नाही.
शून्य. विहिरीच्या तळासारखं.

अताके? गेलात?
इथंच आहे.
मग आवाज का येत नाही?
बोललोच नाही, तर आवाज कुठला यायचा?

त्याच रात्री ते काढून टाकलं.
एर्मेक म्हणाला, लोक यासाठी पैसे मोजतात.
मोजू देत.

आता पुन्हा पांढरं, फाटकं.
इथं पहाटेचे पाच,
तिकडं आठ, उन्हं टेकडीवर आलेली.
मॉलचा दुसरा मजला अर्धा पुसून झाला आहे,
कानात फोन, हातात दांडा,
पायानं बादली पुढं सरकवत मी बोलते.
वाऱ्याची खरखर, सोन्याची जाहिरात,
पुन्हा वारा.

तुझ्याकडं काहीतरी करकरतंय, अताके म्हणाले.
खुर्ची आहे, मी म्हटलं. ऑफिसातली.
चार वर्षं मी ऑफिसात आहे.

मग ती घोडी दोहण्याएवढी जागा.
ओढा. कडी. कुत्रं लांब कुणावर तरी भुंकतंय.

बरीच फिरते तुझी खुर्ची, म्हणाले.
चाकाला तेल घाल.

आणि घोडं वाकलं असावं.